जावईबुवांचा अटकपूर्व जामीन

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या घराच्या फाटकात उभं राहून रूपरावांनी कोर्टाचा कागद सही करून घेतला, तेव्हा त्यांना आधी बरंच वाटलं. साळ्याच्या घरच्या खटल्यात आपल्याला साक्षीला बोलावलंय, अशी त्यांची समजूत झाली. साक्षीला बोलावणं हाही एक मानच असतो. मग त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, आरोपी क्रमांक चार.

भीती वाटली ती नंतर. आधी मनात आलं ते एवढंच, की पहिला नंबर भाच्याला, दुसरा साळ्याला, तिसरा साळ्याच्या बायकोला आणि घरच्या थोरल्या जावयाला चौथा. पुढे ही गोष्ट आठवली की रूपरावांना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटे. तुरुंगात जायची वेळ आली होती आणि हा गृहस्थ पंगतीतली जागा मोजत बसला होता.

खटला जुना होता. गिरडजवळच्या गावात रूपरावांची सासुरवाडी. तिथला साळा सदाशिवराव, त्याची बायको सुलोचनाबाई आणि त्यांचा मुलगा मुकेश, या तिघांवर मुकेशच्या बायकोने, काजलने, छळाची तक्रार केली होती. ती माहेरी निघून गेल्यालाही आता तीनेक वर्षं झाली होती. पोलिसांनी दोषारोपपत्र दिलं त्यात रूपरावांचं नाव कुठेच नव्हतं. तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं आणि, खोटं कशाला बोला, किंचित अपमानही वाटला होता. आता तालुक्याच्या कोर्टात काजलची साक्ष झाली, तिने रूपरावांचं नाव घेतलं, आणि कोर्टाने त्यांनाही आरोपींच्या रांगेत उभं राहायचा हुकूम काढला.

"असं मधातच कोणाले आरोपी करता येते का?" रूपरावांनी विचारलं.

"येते नं काका," कैलास वकील म्हणाला. तो त्यांच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला. "साक्षीत कोणाचं नाव आलं, तं कोर्ट त्याले बोलावते. जुन्या कायद्यात तीनशे एकोणीस कलम होतं, नव्यात तीनशे अठ्ठावन्न झालं. आता तुम्ही हजर झाले अन् कोर्टानं आत टाकलं, तं? कलम बिनजामिनाचं आहे. म्हणून पहिले वर्ध्याच्या सत्र न्यायालयातून अटकपूर्व घेऊन घेऊ."

आत टाकलं तर काय, हे रूपरावांना कैलासपेक्षा जास्त ठाऊक होतं. ते सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते आणि दुसऱ्यांच्या निलंबनाची टिपणं त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिली होती. अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेले की कर्मचारी आपोआप निलंबित. निवृत्ती वर्ष-दीड वर्षावर आलेली. निरोपसमारंभात कोणत्या साहेबाने कोणत्या शब्दांत आपलं कौतुक करावं, हेही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ते सगळं आता एका जामिनावर लटकलं होतं.

"खरं खरं सांगा," कैलास म्हणाला, "लग्नात तुम्ही कूलर मांगतला का नाई?"

"मांगतला म्हणजे, रुसलो होतो ना बापा."

इथे रूपरावांच्या रुसण्याविषयी सांगणं भाग आहे, कारण त्यांनी आयुष्यात मनापासून केलेलं काम तेवढंच होतं. नलूबाईंच्या माहेरी लग्नात थोरल्या जावयाने रुसायचं, ही रीत होती. कोणीतरी पाणी उशिरा द्यायचं, कोणीतरी नमस्कार करायला विसरायचं, की जावई उठून मांडवाबाहेर जाऊन बसणार. मग चार मोठी माणसं जाणार, हाताला धरणार, नवा दुपट्टा खांद्यावर टाकणार आणि त्याला वाजतगाजत परत आणणार. तोवर पुढचं काही व्हायचं नाही. एखाद्या लग्नात जावई रुसला नाही, तर बायका काळजीने विचारत, तब्येत बरी नाही का म्हणून. कचेरीत ज्यांना साधा शिपाईही दोनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नसे, ते रूपराव सासुरवाडीच्या वेशीत शिरले की घशातून आवाजच वेगळा काढत. ते भाजीत मीठ कमी म्हणून ताटावरून उठलेले होते. गादीवर उशी नव्हती म्हणून एकदा भर बारशातून जीपमध्ये जाऊन बसले होते. दर वेळी ते घर हातातलं काम टाकून त्यांच्यामागे धावलं होतं.

मुकेशचं लग्न भर मे महिन्यात, काजलच्या गावी होतं. रूपराव ठरल्याप्रमाणे रुसले. कारणही साजेसं होतं, त्यांची खुर्ची मागच्या रांगेत ठेवली होती. ते जाऊन वरातीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले. समजूत घालायला मुलीकडचीही माणसं आली, काजलचे वडील चंद्रभान हात जोडून उभे राहिले. रुसणाऱ्याने अशा वेळी काहीतरी मागायचं असतं. नारळ मागायचा, पान मागायचं, फार तर टॉवेल-टोपी. पण समोर हात जोडलेला व्याही पाहून रूपरावांना चेव आला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. ते म्हणाले, "आमच्या पोराले आंदणात साधा कूलर देत नाई, असे कसे हे लोकं?"

थंडीचे दिवस असते तर त्यांनी रजई मागितली असती. पण बोलून गेले. अक्षता थांबल्या. मुहूर्त टळला. चंद्रभानचा पुतण्या हिंगणघाटला पिटाळला गेला, आणि तो टेम्पोत कूलर घेऊन आला तेव्हा कुठे रूपराव खाली उतरले. तो कूलर पुढे मुकेशच्या खोलीत गेला. रूपरावांना त्याचा वारा एकदाही लागला नाही, हे ते कैलासला पुनःपुन्हा सांगत होते.

"वारा कोणाले लागला, हे कोर्ट नाई विचारत," कैलास म्हणाला. "मांगतला कोणं, हे विचारते."

"पण थे तं रीत आहे. रीत आहे असं लिहू नं."

"नका लिहू काका. हुंडा घ्याचीही रीतच आहे, असं म्हणन सरकारी वकील." कैलासने साक्षीची नक्कल उलटली. "अजून एक आहे इथं. एकदा तुम्ही सासुरवाडीले जेवाले गेलते, तवा आत सैपाकघरात तिले मारलं, अन् तुम्ही बाहेर बसून होते, काही बोलले नाई, असं म्हणते ती."

रूपरावांना तो दिवस आठवला. नलूबाईंना घेऊन ते गिरडच्या दर्ग्यावर गेले होते आणि परतताना सदाशिवरावांकडे जेवायला थांबले होते. आतून काही आवाज आला होता खरा. भांडं पडल्याचा असेल, असं ते स्वतःला म्हणाले होते. येताना गाडीवर मागे बसलेल्या नलूबाई म्हणाल्या होत्या, "पोरीचा गाल सुजल्यासारखा नोता का जी?" आणि ते म्हणाले होते, "ऊन लागलं असन."

"त्याचं काय होईन?" त्यांनी विचारलं.

"काही नाई. चूप बसणं हा गुन्हा नाई. कूलर गुन्हा आहे."

रूपरावांनी सुटकेचा श्वास टाकला. कायदा इतका समजूतदार असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कैलासने अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. अर्जदार हा सरकारी सेवेतला, निष्कलंक, वयस्क इसम आहे, इथपर्यंत रूपराव मान डोलवत होते. पुढे होतं, अर्जदार हा त्या घरात केवळ पाहुणा म्हणून जात असे. त्या कुटुंबाच्या कोणत्याही निर्णयात त्याचा सहभाग नव्हता आणि त्याच्या शब्दाला तेथे काडीचीही किंमत नव्हती.

"काडीची तरी राहू दे," रूपराव म्हणाले.

"काका, ज्याच्या शब्दाले किंमत, तो मागणी करू शकते. ज्याच्या शब्दाले किंमतच नाई, त्याची मागणी कोण पुरवीन? आपला सगळा जामीन याच वाक्यावर आहे."

चहा घेऊन आलेल्या नलूबाईंनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि कप खाली ठेवत म्हणाल्या, "हे तं मी लग्न झाल्यापासून सांगून राह्यली. यासाठी वकील कायले लागते?"

रूपरावांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. आपण कोणीही नाही, असं त्यांनी शपथेवर लिहून दिलं. एरवी दिवाळीच्या ओवाळणीत साडूला आपल्याहून भारी दुपट्टा मिळाला म्हणून महिनाभर फोन न उचलणारा हा माणूस. पण पेन्शनचा प्रश्न आला, की माणूस किती चटकन नम्र होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सहीसुद्धा त्यांनी नेहमीपेक्षा लहान केली.

सुनावणीच्या दिवशी वर्ध्याच्या कोर्टात त्यांनी मुद्दाम जुना सदरा घातला. वजन नसलेल्या माणसाने इस्त्री करून येऊ नये, असा त्यांचा हिशोब. सरकारी वकीलबाईंनी आधी हाच मुद्दा काढला, की ज्याला पोलिसांनी कधी बोलावलं नाही, ज्याला कोर्टाने नुसतं हजर व्हायला सांगितलं, त्याला अटकेची भीती कसली? आधी हजर व्हावं, मग काय तो जामीन मागावा. त्यावर कैलास म्हणाला, की कोर्टाने बोलावलेल्या माणसालाही अटक होऊ शकते, आणि होऊ शकते तर भीती वाटण्याचा हक्कही त्याला आहे. भीती वाटण्याच्या हक्काविषयी आपला वकील बोलत असताना रूपरावांचे पाय खरोखरच लटपटत होते. पुरावा म्हणून ते दाखवता आले असते.

मग सरकारी वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र हातात घेतलं. "यांच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, असं हे म्हणतात. पण यांनी ट्रॅव्हल्समध्ये बसून एक शब्द उच्चारला आणि लागणारं लग्न थांबलं. मुलीच्या बापाने दुसऱ्या गावाहून कूलर आणवला. किंमत नसलेल्या शब्दाला इतकी तातडी कशी?"

न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून रूपरावांकडे पाहिलं. त्या नजरेसमोर आपण शक्य तितकं क्षुल्लक दिसावं, म्हणून रूपरावांनी खांदे पाडले. कैलास म्हणाला, ती लग्नघरातली थट्टामस्करी होती, अर्जदाराला कोणी गंभीरपणे घेत नसे, त्याची पत्नीही नाही. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मॅडमनी जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश देते म्हणून सांगितलं.

कैलास दुसऱ्या कामाला पळाला. रूपराव व्हरांड्यात आले, तर टोकाच्या बाकावर काजल बसलेली. तीही अर्जाला विरोध करायला वडिलांसोबत आली होती. चंद्रभान चहा आणायला गेले असावेत. रूपरावांना मागे फिरता आलं असतं, पण तिने पाहिलं, आणि नवऱ्याच्या आत्याचे यजमान म्हणून सवयीने ओढणी डोक्यावर घेतली.

"तब्येत कशी आहे फुफाजी?"

एवढ्या साध्या प्रश्नाने रूपरावांना धीर आला. पोरगी अजून मान ठेवून आहे, असं त्यांना वाटलं. ते बाकाजवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, माह्यं नाव काऊन घेतलं तू? म्या तुले कधी बोटही लावलं का?"

"नाई लावलं."

"मंग? कूलरसाठी? एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"कूलरचं आमच्या वकिलानं विचारलं, म्हणून सांगतलं," काजल म्हणाली. ती आता जाम गावातल्या एका दुकानात कामाला होती. बोलताना तिची नजर आधीसारखी खाली जात नव्हती. "थे वकील म्हणे, फुफाले राहू देऊ का, पाहुणा मानूस आहे. म्याच नाई म्हणलं."

"काऊन पण?"

"तुम्ही दर्ग्यावरून जेवाले आलते, त्या दिवशी सैपाकघरात सासरच्यायनं मले मारलं. मंग मलेच वाढाले पाठवलं. तुम्हाले पोळी वाढता वाढता म्या म्हणलं, फुफाजी, तुम्ही सांगा न यायले. हळूच म्हणलं, पण तुम्ही आयकलं. माह्याकडे पाह्यलंही."

चंद्रभान चहा घेऊन येताहेत का, म्हणून रूपरावांनी व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं.

"त्या घरात कोणी कोणाले भेत नाई. सगळे एका तुम्हाले भेत. भाजीत मीठ कमी पडलं अन् तुम्ही ताटावरून उठले, तं सासूबाई दिवसभर रडे, हे माह्या डोळ्यानं पाह्यलं म्या. तुम्ही तोंड फिरवलं, तं माह्यं लग्न थांबलं होतं. म्हणून तुम्हाले सांगतलं. म्या उभीच राह्यली तिथं, म्हणलं आता फुफाजी उठतीन. तुम्ही ताटावरून उठले असते, तं त्या घरात पुन्हा कोणाचा हात माह्यावर उठला नसता." तिने ओढणीचं टोक सरळ केलं. "तुम्ही कढी मांगतली."

हे ती रागाने म्हणाली असती, तर रूपरावांना रागवता आलं असतं. रागावणं त्यांना येत होतं, आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. पण ती साक्षीत सांगावं तसं सरळ सांगत होती, आणि त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. कढी चांगली झाली होती, हेही त्यांना आठवलं. दोनदा घेतली होती. आपली इतकी किंमत होती, हे त्यांना आज पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं होतं. आणि सकाळीच त्यांच्या सहीचा कागद आत न्यायाधीशांच्या टेबलावर पोचला होता, की अशी किंमत काडीचीही नव्हती.

त्यांनी तोंड उघडलं. काय बोलायचं ते नीट जुळत नव्हतं. मी उठायला पाहिजे होतं, एवढंच काहीतरी होतं ते. पण सुट्टी संपली, पुकारा झाला आणि कैलासने त्यांना दंडाला धरून आत नेलं.

आदेश छोटा होता. तपासात पोलिसांना अर्जदाराच्या अटकेची गरज वाटली नव्हती. त्याच्याकडून जप्त करण्यासारखं काही नव्हतं. त्या घरातल्या निर्णयांवर त्याचा प्रभाव असल्याचं प्रथमदर्शनी दिसत नव्हतं. अर्ज मंजूर. अर्जदाराने प्रत्येक तारखेला हजर राहावं, आणि फिर्यादी किंवा तिच्या घरच्यांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही संपर्क साधू नये.

"झालं काका, सुटले," कैलासने हात मिळवला. रूपराव बाकावर बसले. पेन्शन वाचली होती. नोकरी वाचली होती. निरोपसमारंभ आता पुन्हा मनासारखा होणार होता. याचा त्यांना आनंद झाला, आणि आनंद होतोय याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो कमी झाला नाही.

"त्या पोरीशी दोन शब्द बोलता येईन का?" त्यांनी विचारलं.

कैलासने त्यांच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "आताच तं अट घातली. एक शब्दही नाई. नमस्कारही नाई. तिच्या वकिलानं अर्ज दिला, तं जामीन रद्द होईन."

"माफी मांगाची असली तरी?"

"माफी तं मुळीच नाई. माफी म्हणजे कबुली झाली."

"कधीपर्यंत?"

"खटला संपेपर्यंत. चालन अजून काही वर्षं. तारखेले समोरासमोर बसान, पण बोलाचं नाई."

कोर्टाच्या फाटकापाशी रिक्षाची वाट पाहत काजल आणि चंद्रभान उभे होते. गाडीकडे जायला तीच एक वाट होती. रूपरावांच्या तोंडात आता वाक्य अगदी तयार होतं, पाच-सहा शब्दांचं, त्यात कुठे अडखळायलाही जागा नव्हती. कैलासचा हात त्यांच्या पाठीवर होता. समोर येताच काजलने त्यांच्याकडे पाहिलं, आणि थोडी थांबली, मघाशी अर्धं राहिलेलं बोलणं आता हा माणूस पुरं करेल, असं तिला वाटलं असावं. रूपरावांनी मान खाली घातली आणि ते दोघांच्या जवळून पुढे गेले.

मागून चंद्रभानचा आवाज आला, "मघा तुह्यापाशी उभा होता नं तो. काय म्हणे फुफा?"

"काही नाई म्हणे," काजल म्हणाली.